आचऱ्याचा उजेड आणि अर्धा वाटा

समस्त सज्जनांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आचऱ्याच्या किनाऱ्यावरचा आश्विनातला उजेड हा भरवशाचा गृहस्थ नाही. येतो म्हणतो आणि येत नाही. आता काही येत नाही म्हणून आपण बॅग आवरावी, तर पाठीमागून येऊन मानेवर ऊबदार हात ठेवतो. कधी फणसाच्या गऱ्यासारखा पिवळा, कधी कोकमाच्या आगळासारखा लाल, आणि कधी नुसत्या तांदळाच्या धुवणासारखा! त्याच्या नादी लागून मी, कुडाळच्या बाजारपेठेतला घड्याळांचा दुकानदार, ऐन पन्नाशीत बिघडलो आहे. दिवसभर लोकांच्या मनगटांवरची वेळ जुळवून देतो आणि संध्याकाळी कॅमेरा घेऊन स्वतः उशिरा पोचतो.

तुम्ही आश्विनात इकडे आला आहात का? पाऊस तेव्हा निघायच्या तयारीत असतो, पण निरोप घेतलेल्या पाहुण्यासारखा उंबऱ्यावरून पुन्हापुन्हा परत येतो. दुपार कलली की डोंगराच्या अंगाने निळेकाळे ढग चढतात. समुद्राच्या टोकाला मात्र आभाळाची एक कड मोकळी राहते. सूर्य त्या ढगांच्या छपराखाली उतरला की किरण ओल्या वाळूवरून आडवे सरपटत येतात, आणि काळ्या आभाळावर माडांच्या झावळ्या कोणी सोन्यात कोरल्यासारख्या उभ्या राहतात. एरवीचा उजेड वस्तू दाखवतो. हा त्यांना आतून पेटवतो. खेकड्याने बिळाबाहेर टाकलेल्या वाळूच्या इवल्याशा गोळ्या, पण त्यांतल्या प्रत्येकीला स्वतःची लांबलचक सावली! एवढ्याशा गोळीला इतकी राजेशाही सावली देणारा दाता दुसरा कुठे सापडेल? आणि हे सारे वैभव किती वेळ? कॅमेऱ्याच्या काचेवरची खारट वाफ पुसून होईपर्यंत.

या उजेडाने मला सबंध महिनाभर झुलवले होते, आणि इकडे घरात परिस्थिती गंभीर होती. बाहेरच्या खोलीला नवा रंग दिल्यावर मंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, मधल्या भिंतीवर खिळा ठोकून ठेवला होता. दिवाळीपूर्वी तिथे आचऱ्याच्या उजेडाचा फोटो लागेल, असे मी पाहुण्यांसमोर जाहीर करून बसलो होतो. न लागल्यास दुकानात वर्षानुवर्षे न खपलेले, तासातासाला मोराच्या आवाजात ओरडणारे घड्याळ त्या खिळ्यावर चढणार, असा मंदाचा निकाल होता. शेवटी अशी वेळ आली, की दुसऱ्या दिवसापासून दुकानात दिवाळीची गर्दी सुरू होणार, म्हणजे माझ्या हातात एकच संध्याकाळ उरलेली. त्या संध्याकाळी स्कूटरवर माझ्यामागे तिपाई गदेसारखी धरून मंदा बसली होती. निकालाची अंमलबजावणी तिला प्रत्यक्ष पाहायची असावी.

किनाऱ्यावर रापण लागली होती. रापण म्हणजे होडीतून समुद्रात अर्धगोल सोडलेले लांबच लांब जाळे. त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर दोन टोळ्या धरतात आणि ओढू लागतात. दोराला जो हात लावील त्याला मासळीत वाटा, मग तो कोणीही असो. या टोळ्यांचा म्होरक्या दाजी तांडेल माझ्या ओळखीचा. महिनाभर रोज रिकाम्या वाळूचे फोटो काढणाऱ्या माणसाबद्दल त्याला मनापासून काळजी वाटत असे. पण माझा बाणाच तसा होता. चौकटीत माणूस नको, होडी नको, कुत्रेसुद्धा नको, निव्वळ निसर्ग!

म्हणून मी दोन्ही टोळ्यांच्या मधली कोरी, ओली, आरशासारखी वाळू शोधली. उत्तरेकडे तोंड करून तिपाई रोवली. डावीकडे समुद्र, उजवीकडे माड, वर काळे आभाळ. जन्म कोकणात गेलेल्या माझ्यासारख्या शहाण्याला एवढे सुचू नये, की जाळे जसजसे जवळ येते तसतशा त्या दोन टोळ्याही एकमेकींकडे सरकत येतात, आणि शेवटी भेटतात त्या नेमक्या मधल्या कोऱ्या वाळूवर.

आणि त्याच घटकेला ढगांचे छप्पर उचलले गेले. काय सांगू! लाटेचा फेस मधाचा झाला, वाळूतले आभाळ वरच्या आभाळाहून गडद झाले. मी बटणावर बोट नेले, आणि दोन्ही बाजूंनी पन्नासेक माणसे माझ्या निव्वळ निसर्गात शिरली. जाळे एकाएकी जड झाले होते. वारा फिरला होता, दोर हातांतून सुटत होता. आधीच्या कित्येक खेपा रिकाम्या गेलेल्या. हीही गेली तर सगळ्यांची दिवाळी कोरडी. मंदा केव्हाच पदर खोचून दोराला लागली होती. दाजी माझ्याकडे बघून एवढेच म्हणाला, "शेटानू, हात लावा."

मी हात लावला. एक. दुसरा हात खिशात होता, कारण कॅमेरा लांबून चालवायचे बटण खिशात होते. खिशात हात घालून रापण ओढणारा माणूस आचऱ्याने त्याआधी पाहिला नसावा. पायाखालची वाळू खचत होती, सगळ्यांचे डोळे जाळ्यावर, आणि मी नेम न धरता, आंधळेपणाने बटण दाबत होतो. उजेडाकडे बघायला त्या ओळीत कोणालाही सवड नव्हती, मलाही नव्हती.

जाळे आले. बांगडे चांदीच्या ढिगासारखे वाळूवर सांडले, आणि वर पाहतो तो ढग पुन्हा खाली आलेले. वाटे घालताना मंदाच्या पुढे पुरा वाटा आला. माझ्यापुढे दाजीने मोजून निम्मे बांगडे ठेवले आणि न्यायाधीशाच्या चेहऱ्याने सांगितले, "तुमी एका हातान ओढलास. अर्धोच वाटो गावतलो." सगळा किनारा हसला. त्यात मंदाचे हसणे सर्वांत लांबले.

मी ओशाळून कॅमेऱ्याकडे गेलो. तिपाईचा एक पाय वाळूत रुतून क्षितिज इतके कलले होते की समुद्र उजवीकडे सांडेल असे वाटावे. फोटोत निव्वळ निसर्ग औषधालाही नव्हता. होती ती माणसांची एक तिरकी ओळ, मागे रेललेली, तोंडे समुद्राकडे. त्यांच्या ताणलेल्या दंडांवर, मंदाच्या विस्कटलेल्या केसांवर, दोराच्या प्रत्येक पिळावर तो उजेड उतरला होता. दाता कसा ओळखावा, तर असा: ज्यांनी हात पसरला नव्हता त्यांच्याच ओंजळी त्याने भरल्या होत्या. मंदाने बराच वेळ पाहिले आणि घड्याळ दुकानातच बरे आहे, असे मला हळूच कळवले.

मग कॅमेरा हातोहात फिरू लागला. जो तो आपल्याला शोधी आणि शेजारच्याला बोटाने दाखवी. शेवटी तो दाजीकडे आला. खवल्यांनी चमकणारी बोटे त्याने आधी लुंगीला पुसली, छोट्याशा पडद्यावर डोळे बारीक करून वाकला, एकदा विझलेल्या किनाऱ्याकडे पाहिले, पुन्हा पडद्याकडे पाहिले, आणि त्याच्या तोंडून निघून गेले, "एवढ्या उजेडात आमी होतंव?"