दुपारी तीनचा आकडा

त्या तक्रारीसमोर मी ‘ओके’ लिहिलं तेव्हा सकाळचे सात पन्नास झाले होते आणि आकडा होता उणे एकवीस पूर्णांक आठ. आकडा खरा होता. वेळही खरी होती. तरी ते ‘ओके’ चूक होतं, आणि हे कळायला दुसऱ्या दिवशी एका बाईचा फोन यावा लागला.

मी इंटरनेटच्या काचेच्या तारा तपासतो आणि दुरुस्त करतो. राहतो अकोल्यात, जठारपेठेत. तक्रारी घेणारं ऑफिस अमरावतीला आहे. तिथून सकाळी मोबाइलवर यादी येते, मी गाडीला शिडी बांधून निघतो, जागेवर तपासतो आणि आकडा लिहून तक्रार बंद करतो. आधी तांब्याच्या तारा होत्या, आता काचेच्या आहेत. काम तेच.

ज्यांना या आकड्यांची सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो. केसाएवढ्या काचेतून उजेड धावतो. घरापर्यंत किती उजेड पोचला ते उणे आकड्यात मोजतात. उणे वीस-बावीस म्हणजे उत्तम. दर तीन आकड्यांना उजेड निम्मा होतो. उणे सत्तावीसच्या पलीकडे गेला की घरातल्या डब्यावरचा हिरवा दिवा जातो, लाल लागतो आणि लाइन बंद पडते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मे महिन्यात आमच्याकडे बाहेरचं काम सहाला सुरू होतं आणि अकराला संपतं. त्यानंतर खांबाला हात लावता येत नाही आणि शिडीचं लोखंड धरवत नाही. ऑफिसही काही म्हणत नाही. म्हणजे एप्रिल-मेमध्ये आमच्या सगळ्यांच्या वहीतला प्रत्येक आकडा सकाळचा असतो. हे मला इतक्या वर्षांत एकदाही खटकलं नव्हतं.

फोन मंगळवारी संध्याकाळी आला. मूर्तिजापूरच्या अलीकडे मुख्य रस्ता सोडून आत गेलं की एक गाव लागतं, तिथून. आदल्या दिवशी सकाळी मीच तिथे जाऊन आलो होतो. दारात भेटल्या त्या सासूबाई. सून तेव्हा आत सासऱ्यांचं अंग पुसत होती. फोन सुनेचा होता.

“साहेब, तुमी सकाळी आले, ओके लिवून गेले. लाइन दुपारी मरते. तिले सकाळी पाहून काय फायदा?”

मी म्हणालो, “ताई, आकडा चांगला आला होता.”

“सकाळी चांगलाच येते. आतापर्यंत तिघं आले, तिघायले चांगलाच आला. आज तीन वाजता गेली ते पाचाले आली. दिवसाआड हेच चालू हाये.”

मग तिने शांतपणे सगळं सांगितलं. पुण्याच्या एका कंपनीत ती आठ वर्षं आहे. वेगवेगळ्या दवाखान्यांत नंबर लावणाऱ्या पेशंटचे फोन ती घेते, दुपारी बारा ते रात्री आठ. गेल्या वर्षी सासऱ्यांना लकवा झाला. नवरा परतवाड्याला आरागिरणीवर, दर शनिवारी घरी येतो. म्हणून ती गावी आली आणि कंपनीने घरून काम करू दिलं. पण गेल्या पंधरा दिवसांत तिची लाइन सहा वेळा मध्येच तुटली. आज लेखी आलं होतं: शनिवारपर्यंत पुन्हा एकदा तुटली तर काम बंद.

“मी त्यायले सांगतलं, तक्रार केली हाये. ते म्हनतात, तुमच्या तक्रारीवर तर तीनदा ओके लिवलं हाये. आता मी खोटी पडून राहिली, भाऊ.”

‘साहेब’चं ‘भाऊ’ झालं. मी म्हणालो, “उद्या बारा वाजता येतो.”

“दिवसाच्या?” तिने विचारलं.

बुधवारी अकरा वाजता मी घरातून निघालो तेव्हा बायकोने खिशात कांदा टाकला आणि डोक्याला दुपट्टा बांधून दिला. वाटेत अमरावतीहून सुपरवायझरचा फोन आला. “लाइन सिस्टीममध्ये हिरवी दिसते. तुमी कायले मरता उन्हात?”

“तीन वाजता पाहा सिस्टीममध्ये,” मी म्हणालो.

बाराला मी त्यांच्या ओसरीत बसलो. घरातल्या डब्याचा आकडा लाइन न तोडताही मोबाइलवर बघता येतो. बारा वाजता उणे बावीस पूर्णांक एक. साडेबाराला बावीस पूर्णांक सहा. एकला तेवीस पूर्णांक तीन. दीडला चोवीस पूर्णांक दोन. आतून सुनेचा आवाज येत होता, अगदी पुणेरी: “आपण लाइनवरच राहा, मी डॉक्टरांची वेळ बघून सांगते.” समोरच्या खोलीत सासरे पडून होते, त्यांची नजर छताच्या पंख्यावर होती. सासूबाईंनी ताकाचा तांब्या आणून ठेवला आणि माझ्या वहीत डोकावल्या.

“काय मांडून राहिले बाप्पा? आमच्या लाइनीची कुंडली?”

“तिला ताप चढतो का ते पाहून राहिलो, माय.”

“मंग तिले बी कूलर लावा ना,” असं म्हणून त्या आत गेल्या.

आकडा उतरत होता एवढंच नव्हतं. उतरण्याचा वेग वाढत होता. अर्ध्या अर्ध्या तासाचे फरक दशांशात पाच, सात, नऊ. पुढचा अकरा धरला तर दोनला पंचवीस पूर्णांक तीन. त्यानंतर तेरा, मग पंधरा. म्हणजे तीन वाजायच्या आत सत्तावीस ओलांडणार. माझ्याकडे सव्वा तास होता.

उन्हामुळे होतंय हे उघड होतं. कुठे होतंय ते शोधायचं होतं. ग्रामपंचायतीजवळच्या खांबावर गावाचा डबा आहे. त्यात त्याच केबलमधली एक मोकळी काच असते, तिला हात लावला तर कुणाची लाइन जात नाही. अंतर दाखवणारं यंत्र मी त्या काचेला जोडलं. यंत्र काचेतून उजेडाची चमक सोडतं आणि कुठल्या मीटरवर किती उजेड गळतो ते दाखवतं. चारशे बारा मीटरवर एका जॉइंटमध्ये, म्हणजे काचा जिथे जोडलेल्या असतात तिथे, तीन पूर्णांक एकची गळती होती. एका जॉइंटला शून्य पूर्णांक एकच्या वर गळती असेल तर मी तो परत बांधतो.

आता चारशे बारा मीटर म्हणजे काचेचे, रस्त्याचे नव्हेत. वाटेत दोन खांबांवर दहा-दहा मीटरची वेटोळी सोडलेली होती. ती वजा करून मी पावलं मोजत निघालो. केबल गावाबाहेर जाताना परत त्यांच्याच घरामागून जाते. परसदारापासून नव्वद पावलांवर एक पत्र्याचं गोदाम आहे. त्याच्या पश्चिमेच्या भिंतीला लागून खांब, आणि खांबावर जॉइंटचा काळा डबा. पत्रा असा तापला होता की चार हातांवरून तोंडाला झळ लागत होती. शिडी बांधून वर चढलो आणि डब्याला बोट लावलं. लगेच काढलं.

दोन वाजले होते. घरात जाऊन आकडा पाहिला. पंचवीस पूर्णांक तीन. माझा अंदाज शून्य पूर्णांक एकनेही चुकला नव्हता आणि त्याचा मला मुळीच आनंद झाला नाही.

जॉइंटचा डबा आत्ता उघडला तर तिची लाइन मीच तोडणार होतो, शिवाय आणखी दहा घरांची. नाही उघडला तर तीनच्या आत ती आपोआप तुटणार होती. अमरावतीला फोन लावला.

“उद्या सकाळी करा,” सुपरवायझर म्हणाले.

“आज तीनला मरते. तिची नोकरी जाते, साहेब.”

“मंग काय आता सूर्य बंद करता?”

मी फोन ठेवला. परसदारी रांजण होता, त्याला ओलं गोणपाट गुंडाळलेलं होतं, आणि सासूबाई त्यावर पाणी मारत होत्या. मी गोणपाटाकडे बघत उभा राहिलो.

“माय, हे गोणपाट मले द्या.”

“काहून? पानी गरम होईल ना!”

“आज गरम पानी प्या. सुनेची लाइन थंडी करतो.”

त्यांनी सरळ गोणपाट सोडलं, बादलीत बुडवलं आणि बादली उचलून माझ्यापुढे चालायला लागल्या. पासष्टीच्या बाई, अनवाणी नव्हत्या एवढंच.

जॉइंटच्या डब्याला पावसाची भीती नसते, तो त्यासाठीच बनवलेला असतो. मी डब्याला गोणपाट गुंडाळलं, वरून सुतळी बांधली आणि तांब्या तांब्याने पाणी ओतलं. पहिलं पाणी खाली माझ्या कोपरावर आलं ते चहासारखं होतं. रस्त्याने एक जण सायकल हाती धरून चालला होता, तो थांबला.

“काय हो, खांबाले अभिषेक घालून राहिले काय?”

“हो, तू बी ये बेल घेऊन,” सासूबाई खालून म्हणाल्या. “नाही तर बादली आन एक भरून.”

तो निघून गेला. सासूबाई परसदारापर्यंत जायच्या, आत डोकावून ओरडायच्या, “हिरवाच हाये!” आणि बादली भरून परत यायच्या. दोन पस्तीसला मी आत जाऊन पाहिलं. सव्वीस पूर्णांक चार. पावणेतीनला सव्वीस पूर्णांक सात. तेव्हा मात्र माझा धीर सुटायला आला. पाणी ओतून वीस मिनिटं झाली होती आणि आकडा अजून उतरतच होता. सुनेने कानाला हेडफोन लावलेल्या अवस्थेतच माझ्याकडे पाहिलं. मी हाताने ‘चालू ठेवा’ अशी खूण केली आणि पुन्हा शिडी चढलो. आतली काच सावकाश तापते तशी निवतेही सावकाश, एवढंच मी स्वतःला सांगत होतो.

तीनला सव्वीस पूर्णांक दोन. सव्वातीनला पंचवीस पूर्णांक पाच. फिरला होता.

साडेतीनला तिची अर्ध्या तासाची सुट्टी झाली. ती परसदारी आली तेव्हा मी वर होतो आणि पाणी तिच्या सासूबाईंच्या पदरावर ठिबकत होतं.

“भाऊ, तीन वाजून गेले,” ती म्हणाली.

“दिवस अजून हाये,” मी म्हणालो. “साडेपाचपर्यंत सोडत नाही.”

“आत्याबाई, तुमी बसा, मी भरते पानी.”

“तू जेवून घे,” सासूबाई म्हणाल्या. “तुह्या नोकरीचं पानी मी भरतो म्हनलं तं भरतो. रोज थोडीच भरायचं हाये?”

पावणेसहापर्यंत मी अकरा वेळा चढलो. त्या दिवशी लाइन तुटली नाही.

पण गोणपाट म्हणजे दुरुस्ती नव्हे. गुरुवारी सकाळी सहाला डबा उघडला. केबलच्या मधोमध एक कडक दांडी असते, ती डब्यात स्क्रूखाली आवळायची असते. इथे स्क्रू नुसता टेकवलेला होता. ऊन चढलं की केबल पसरायची, अडवायला काही नसल्याने आत सरकायची, आणि काचांची नळी पुढे येऊन काचा डब्याच्या कडेवर वाकायच्या. वाकलेल्या काचेतून उजेड बाहेर पडतो. रात्री केबल आकसून मागे जायची आणि सकाळी आम्ही येऊन ‘ओके’ लिहायचो.

दांडी आवळली. नळी मागे घेतली. काचांची वेटोळी मोठी करून बसवली. बारापैकी तीन काचा हाताळताना तुटल्या, त्या जोडल्या. दोन जॉइंट शून्य पूर्णांक शून्य दोनचे आले. तिसरा अकराचा आला, म्हणजे शून्य पूर्णांक अकरा. तो तोडून परत केला, मग परत केला, तेव्हा तीनवर आला. आठ वीसला डबा बंद केला. घरातला आकडा उणे एकवीस पूर्णांक सात.

सासूबाई म्हणाल्या, “झालं ना आता? जा मंग घरी.”

“नाही,” मी म्हणालो. “सकाळचा आकडा मी आता मानत नाही.”

दिवसभर ओसरीतच बसलो. बाराला एकवीस पूर्णांक सात. एकला तोच. तीनला एकवीस पूर्णांक नऊ, आणि त्या दिवशी ऊन बुधवारपेक्षा जास्त होतं. शुक्रवारी परत गेलो, फक्त तीन वाजताचा आकडा घ्यायला. एकवीस पूर्णांक नऊ. तेव्हा तक्रार बंद केली आणि शेऱ्यात तारखेबरोबर वेळही लिहिली. सुपरवायझरने विचारलं, एका तक्रारीला तीन दिवस कसे लावले? मी बुधवार आणि शुक्रवारचे आकडे शेजारी शेजारी लिहून पाठवले.

शनिवारी रात्री साडेआठला तिचा फोन आला.

“भाऊ, शनिवार निघाला. बुधवारपासून एकदाही नाही तुटली. सोमवारपासून नेहमीसारखं काम चालू ठेवा म्हनले.”

“आणि तुम्ही खोट्या पडत होत्या, त्याचं काय झालं?”

“तुमचा शेरा मी पुण्याले पाठवला. वेळेसकट. मॅडम म्हनल्या, तुमच्याकडे इतकं ऊन असते काय?” ती हसली. मागून सासूबाईंचा आवाज आला, “त्यायले म्हना, जेवाले या. रांजनाचं पानी थंड हाये आता.”

रविवारी सुट्टी. चहा झाल्यावर मी मोबाइल घेऊन बसलो आणि एक एप्रिलपासून मी बंद केलेल्या तक्रारी एकेक करून पाहिल्या. अकराच्या आत बंद केलेल्या एकतीस होत्या. त्यातल्या नऊ जणांनी तक्रारीत स्वतःहून ‘दुपारी’ हा शब्द लिहिला होता. तो शब्द माझ्या डोळ्यांखालून नऊ वेळा गेला होता.

बायको म्हणाली, “आज तरी ठेवा तो मोबाइल.”

“नऊ फोन आहेत फक्त.”

पहिला नंबर लावला. बडनेऱ्याच्या बाजूचे एक किराणा दुकानदार होते. मी कोण ते सांगितल्यावर म्हणाले, “आता काहून? बंद केली ना तुमी कंप्लेंट?”

“परत उघडतो,” मी म्हणालो. “उद्या दुपारी तीन वाजता दुकान उघडं असते काय?”