हे बरं की हे?

चष्मेवाल्याच्या दुकानात उंच पाठीची एक खुर्ची होती आणि समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, नाकावर चाचणीची जड फ्रेम चढवायची आणि एकेक काच बदलत विचारायचं, "हे बरं की हे?" सत्तावीस वर्षं तो हेच विचारत आला होता. यातली एक युक्ती त्याने वडिलांकडून उचलली होती आणि ती घराबाहेर कोणालाच ठाऊक नव्हती. मधेच तो काच बदलल्यासारखं करायचा, खट् असा आवाजही काढायचा आणि तीच काच पुन्हा बसवायचा. गिऱ्हाईक म्हणालं, "काहीच फरक नाही," तर माणूस खरं सांगतोय. "हां, हे जास्त बरं," म्हणालं, की समजायचं, डोळे दमलेत, आता हा तोंडाला येईल ते सांगणार. मग कितीही गयावया केली तरी चष्मेवाला त्या दिवशी नंबर लिहून द्यायचा नाही. "उद्या सकाळी या," म्हणायचा.

अशा या माणसाच्या खणात गेले दहा दिवस एक फॉर्म पडून होता आणि त्याला स्वतःलाच काही सांगता येत नव्हतं. फॉर्म त्याच्या मुलीचा. तिची शाळा संपली होती, निकाल बरा लागला होता, आणि पुढच्या कॉलेजांचा पसंतीक्रम लिहून, खाली पालकाची सही घेऊन तो शाळेच्या ऑफिसात द्यायचा होता. शेवटचा दिवस आजचा. वेळ संध्याकाळी पाचपर्यंत.

मुलीला सगळे चिमटी म्हणत. आठ वर्षांची असल्यापासून ती चष्म्याच्या दांडीतला मोहरीएवढा स्क्रू चिमट्यात धरून एका फटक्यात बसवायची, म्हणून गिऱ्हाइकांनीच ते नाव पाडलं होतं. तिच्यासमोर वाटा दोन. इथल्याच कॉलेजात डोळे तपासण्याचं शिक्षण. कॉलेज चालत दहा मिनिटांवर, दुपारी तीनला दुकानात हजर. नाहीतर जमीनमोजणी आणि नकाशे. ते कॉलेज रेल्वेने आठ तासांवर, राहायला वसतिगृह. नकाशांचं वेड तिला लहानपणापासून होतं. दुकानाच्या बिलांच्या पाठीमागे तिने अख्ख्या गल्लीचे नकाशे काढून ठेवले होते, त्यात झोपलेली कुत्रीसुद्धा जागच्या जागी.

चष्मेवाला स्वतः शाळा अर्धवट टाकून दुकानात बसलेला. त्यामुळे हे दाखले, पसंतीक्रम वगैरे प्रकरण त्याला नवीनच होतं. तीनदा तो शाळेच्या ऑफिसात जाऊन कारकूनबाईंचं डोकं खाऊन आला होता. मूळ दाखला तिकडे जमा केला आणि मुलीला तिथे करमलं नाही तर? "परत मिळतो. अर्ज करायचा." किती दिवसांत? "ते त्यांच्यावर आहे." फॉर्मवर दोन्ही कॉलेजं लिहिली तर दोन्हीकडे जागा राहते ना? "नाही हो. पहिली पसंती मिळाली की दुसरी आपोआप रद्द." मग पहिली कोणती लिहायची? कारकूनबाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "ते मी कसं सांगू?" गादी घरून न्यायची का, हे तर विचारायचंच राहिलं.

बायकोने केव्हाच अंग काढून घेतलं होतं. "मला यात ओढू नका," ती सकाळी म्हणाली, "मी आज एक शब्द बोलले तर पुढची वीस वर्षं तुम्ही दोघं मला ऐकवाल." आणि कामावर निघून गेली.

चार वाजले तरी फॉर्म कोराच. शेवटी चष्मेवाला म्हणाला, "बस खुर्चीत."

चिमटी हसत बसली. त्याने तिच्या नाकावर रिकामी फ्रेम चढवली आणि गिऱ्हाइकाला विचारतात त्या सुरात विचारलं, "इथलं कॉलेज, की मोजणीचं? हे बरं की हे?"

"मोजणीचं," ती पटकन म्हणाली.

खट्. "आता सांग. इथलं, की मोजणीचं?"

ती जरा घुटमळली. "इथलं... इथलंच बरं." आणि लगेच जीभ चावून ओरडली, "बाबा! तीच काच होती ही!"

"तीच होती."

"मी कशी फसले?" तिने फ्रेम काढली आणि तिचा चेहरा रडवेला झाला. "मला खरंच कळत नाहीये हो. सकाळी एक वाटतं, जेवताना दुसरं. तुम्ही सांगा ना."

"मी काय सांगणार?"

"मग तुम्ही बसा."

चष्मेवाला आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्चीत बसला. तिथून तक्ता बराच लांब दिसत होता. चिमटीने विचारलं, "मी इथे, दुपारी तीनला दुकानात. की मी तिकडे, आठ तासांवर. हे बरं की हे?"

"दुसरं," तो म्हणाला. बापाने असंच म्हणायला हवं, असं त्याला वाटलं होतं.

खट्. तिने तोच प्रश्न तसाच पुन्हा विचारला.

"पहिलं," त्याच्या तोंडून निघून गेलं.

युक्ती त्याची, नियमही त्याचाच. अशा गिऱ्हाइकाला उद्या सकाळी बोलवायचं. पण उद्या सकाळी शाळेचं ऑफिस हा फॉर्म घेणार नव्हतं.

"परगावचं गिऱ्हाईक असलं, त्याला संध्याकाळची गाडी पकडायची असली, तर काय करता हो तुम्ही?" चिमटीने विचारलं. "त्याला कुठे उद्या बोलवता येतं?"

चष्मेवाल्याने डोकं खाजवलं. "त्याला एकच चष्मा करून देतो. दूरचा. दूरचं चष्म्याशिवाय दिसत नाही ते नाहीच दिसत. जवळचं काय, हात लांब करून, डोळे बारीक करून माणूस भागवतो कसंतरी."

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कानकोंडं झालं. आपण कशाबद्दल बोललो आणि ते बरोबर होतं का, हे त्याला नीट उमगेना. पण पेन हातात होतं. पहिल्या ओळीत त्याने मोजणीचं कॉलेज लिहिलं, दुसऱ्या ओळीत इथलं, आणि खाली सही केली. सही वेडीवाकडी आली.

"आणि स्क्रू?" चिमटी हळूच म्हणाली.

"कसले स्क्रू?"

"बाबा, दोन वर्षांत तुम्ही एकही स्क्रू बसवलेला नाही. मला हाक मारता आणि म्हणता, मी कामात आहे."

उजवा हात थरथरतो, हे चष्मेवाल्याने बायकोलासुद्धा कळू दिलं नव्हतं. मुलीला कळलेलं नाही अशी त्याची खात्री होती. तेवढ्यात दारात शेजारच्या दवाखान्यातली नर्स आली. तिच्या एका हातात चष्मा, दुसऱ्या हातात त्याची दांडी. "चिमटी, एवढं लावून दे गं, स्क्रू पडलाय. माझी ड्युटी आहे पाचला."

घड्याळात पावणेपाच. चिमटीचा हात सवयीने चिमट्याकडे गेला. त्याच्या आत चष्मेवाल्याने चिमटा उचलला.

"मी बसवतो. तू फॉर्म देऊन ये."

ती हलली नाही. तो डबीतून नवा स्क्रू काढून छिद्रापाशी नेत होता. चिमटा थरथरला, स्क्रू काउंटरवर टिचकन उडाला आणि खाली कुठेतरी गेला. चिमटी फॉर्म बाजूला ठेवून गुडघ्यांवर बसली.

"ऊठ," तो म्हणाला.

"आधी स्क्रू सापडू दे."

"ऊठ म्हणतो ना! बंद होईल ऑफिस. मी शोधतो." एवढ्या चढ्या आवाजात तो तिच्याशी कधीच बोलला नव्हता. तिने फॉर्म उचलला, एकदा मागे वळून पाहिलं आणि पळत सुटली.

डबीत असे शंभर स्क्रू होते. दुसरा घ्यावा, हे काही त्याला सुचलं नाही. तो काउंटरखाली ओणवा झाला आणि तळहाताने फरशी चाचपू लागला. नर्सही वाकली.

"कुठे गेली हो एवढ्या घाईने?"

"शाळेत."

"शाळा संपली ना तिची?"

चष्मेवाल्याचा हात फरशीवर थांबला. दहा दिवस त्या फॉर्मच्या, दाखल्याच्या आणि गादीच्या काळजीत ही एक गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नव्हती.

"हो," तो म्हणाला. "संपली."

मग त्याने बाहीने डोळे पुसले, पुन्हा पुसले आणि म्हणाला, "बाई, तुम्हीच जरा बघता का? मला काही दिसत नाहीये."