सुमनच्या रक्ताचा रिपोर्ट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या मालवणचे नाही, एवढंच असेल.

सुमन माझी धाकटी बहीण. शहाऐंशी साली वेंगुर्ल्याला दिली. वर्षाच्या आत तिला ते सुरू झालं — चूल पेटवता पेटवता छाती धडधडायची, हातापायांना घाम फुटायचा, आता मरते की काय असं वाटायचं. मग सगळं ओसरायचं. सासरच्यांना वाटलं, नाटक. नाहीतर त्याहून वाईट. सासू तिला मालवणच्या डॉक्टरांकडे घेऊन आली, तेव्हा दारातच मला म्हणाली, "रगतात काय गावलां तर आजार. नायतर बाहेरचां. मगे घाड्याकडे न्हेवचां लागतला."

भूत उतरवताना घाडी काय काय करतो, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

रिपोर्ट आला. साखर, थायरॉइड — सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, "भीतीच्या खुणा रक्तात सापडतात का, ते अजून शोधतायत. आपल्याकडे तशी तपासणी नाही. पण हा आजार एका घरात दोघांना असू शकतो. तसं असेल तर हे बाहेरचं नाही, आजारच." मग सासूसमोरच माझ्याकडे वळून विचारलं, "हिच्या रक्ताच्या नात्यात कुणाला असं होतं?"

होत होतं. मला. कॉलेजात असल्यापासून. एकदा जाळी ठेवायच्या खोपीमागे मी असाच थरथरत बसलेलो सुमनला दिसलो होतो. माझं मनगट धरून ती शेजारी बसून राहिली. "दादा, मी कोणाक सांगूचंय नाय," एवढंच म्हणाली.

आता माझं लग्न ठरत होतं. मास्तरकी नुकतीच लागलेली. असल्या मुलाला — कोण मुलगी देणार? मी म्हणालो, "नाही. आमच्यात कुणालाच नाही."

सुमनने माझ्याकडे पाहिलं. बोलली असती तर सुटली असती. ती बोलली नाही. आणि खरं सांगू? मला हायसं वाटलं.

घाड्याकडून ती परत आली ती आमच्याच घरी, दोन्ही दंडांवर डागल्याच्या खुणा घेऊन. सासरच्यांनी पुन्हा नेलं नाही. भर दुपारी उठून समुद्रात चालत जायला लागली, म्हणून आम्ही तिला मागल्या खोलीत ठेवलं.

अजूनही माझी छाती धडधडायला लागली की मी त्या खोलीत जातो. बायकोला वाटतं, बहिणीवर माझा केवढा जीव. सुमन काही विचारत नाही. मनगट धरून बसते. मला बरं वाटतं. मग मी बाहेर येतो आणि दाराला कडी घालतो.