तळ्याकाठची कचकच

केळव्याच्या किनाऱ्यावर न्यायचा म्हणून लेकीने माळ्यावरचा तंबू झटकला आणि धुतलेल्या फरशीवर वाळू सांडली. राजस्थानातल्या त्या तळ्याकाठची वाळू, अजून.

तिथे तंबू लावला तेव्हा लेक लहान, भुकेने रडवेली. "तंबूची पाठ पान्याकडं कर," हे म्हणाले, "वारा पान्याकडनंच येतो." मीही समुद्राकाठचीच, मला लगेच पटलं. दारात स्टोव्हवर सफाळ्याच्या तांदळाचा भात शिजला. झाकण काढलं आणि वारा आला तो समोरच्या वाळवंटातून. दुसरं काही जेवायला नव्हतं. तोच भात कचकचत गिळला.

"वारा चुकला," हे म्हणाले.

आज लेकीने विचारलं, "बाबा, तिथे तंबूचं दार कुठल्या बाजूला करू?"

"पाठ पान्याकडं. वारा पान्याकडनंच येतो."

केळव्याला ते बरोबर आहे, याचाच मला जास्त राग येतो.