हिरासिंग नाईक तिफण धरतो

हिरासिंग नाईकाला चालताना मागं वळून बघावं लागत नसे. मागं ऐंशी बैल आणि तीस माणसं असत, पण गळ्यातल्या घंटांच्या आवाजावरूनच कुठला बैल लंगडतोय, कुणाची गोणी एका बाजूला कलली, हे त्याला कळे. पुसेगावच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या पायथ्याशी त्याचा तांडा होता. डोंगरातल्या खेड्यांतून ज्वारी-तूर उचलायची, हिंगोलीच्या स्टेशनापर्यंत पोचवायची आणि परत येताना गावोगाव मीठ द्यायचं, हा त्याच्या बापाचा धंदा होता. वयाच्या पंचविसाव्या वर्षी नाइकी त्याच्याकडं आली. पुढच्या बावीस वर्षांत त्यानं एकदाही माणूस गमावला नाही की माल भिजवला नाही.

सदतीस सालच्या हिवाळ्यात तो नेहमीसारखा हिंगोलीच्या व्यंकटराव आडत्याकडं गेला. व्यंकटरावांनी त्याला गादीवर बसवलं, चहा दिला. एरवी चहा माल ठरल्यावर मिळायचा.

"नाईक, यंदा माल न्हाई," ते म्हणाले. "डोंगराकडचा रस्ता पक्का झाला. मोटार सकाळी जाते अन् दुपारी भरून येते. तुमाला त्यालाच आठ दिस लागतात."

"पावसाळ्यात मोटार रुतंल."

"रुतंल की. पण पावसाळ्यात माल कुठं असतो?"

हिरासिंगानं कप खाली ठेवला, रामराम केला आणि ऐंशी रिकामे बैल घेऊन परत निघाला. पाठीवर ओझं नसल्यानं बैल भराभर चालत होते आणि तेच त्याला सहन होत नव्हतं.

त्या हिवाळ्यात त्यानं आणखी तीन बाजार पालथे घातले. सगळीकडं तेच. तेव्हा त्याच्या बायकोनं, जिवनबाईनं विषय काढला. टेकडीखालची पडीक जमीन सरकार कसायला देत होतं आणि बाकीचे तांडे ती घेत होते.

"आपून बी घ्यावी," ती म्हणाली.

"मला कुठं येतं शेतकाम?"

"मला तरी सैपाक कुठं येत होता? शिकलेच की."

तहसिलीत चार-सहा खेटे घालून त्यानं तांड्याच्या नावे जमीन घेतली. वरची बरड होती, ओढ्याच्या काठची पट्टी तेवढी काळी. शिकवायला पुसेगावचा ग्यानबा तयार झाला. ग्यानबा लहान शेतकरी, नाईकाकडून वर्षानुवर्षं मीठ घेणारा. तो मोकळेपणानं यायचा, पण सत्तेचाळीस वर्षांच्या नाईकाला औताची मूठ कशी धरायची ते सांगताना त्याचीच नजर खाली जायची.

बैलांनाही शिकवावं लागलं. ते जन्मभर एकामागं एक चालले होते. जोडीनं जुंपले की एक पुढं निघायचा, दुसरा त्याच्या मागं जायला बघायचा आणि जू तिरपं व्हायचं. हिरासिंगाची अडचण वेगळीच होती. दिवसभर सरळ चालायची सवय असलेल्या माणसाला दोनशे पावलांवर वळावं लागे. बांध आला की त्याला अडवल्यासारखं वाटे.

मृगाची एक सर येऊन गेली. हिरासिंगानं सगळ्यांना बोलावलं आणि कूच करायचा हुकूम द्यावा तसं सांगितलं, "उद्या सकाळी पेरायचं. सगळ्यांनी, एकदमच."

ग्यानबा म्हणाला, "नाईक, जरा दम धरा. वरवरची ओल हाय ही."

"मागं-पुढं निघालं की तांडा फुटतो, ग्यानबा. आमी एकदमच निघत असतो."

सगळ्यांनी पेरलं, फक्त रूपाबाईनं नाही. रूपाबाई म्हणजे हिरासिंगाच्या चुलतभावाची विधवा, दोन लेकरांची आई. तिनं ग्यानबाच्या बायकोला, द्वारकाबाईला विचारलं होतं. द्वारकाबाईनं तिचा हात धरून मातीत खुपसला होता आणि मनगटापर्यंत ओल लागेस्तोवर बियाणाचं गाठोडं सोडायचं नाही, असं बजावलं होतं. नाईकाचा हुकूम मोडल्याबद्दल रूपाबाईला तांड्यात बरंच ऐकून घ्यावं लागलं. तिनं गाठोडं सोडलं नाही.

सात दिवसांनी कोंभ वर आले. नंतर महिनाभर आभाळ कोरडं राहिलं. कोंभ आधी पिवळे पडले, मग हातात घेतले की भुगा होऊ लागले. पाऊस परतला तेव्हा पेरायला बी रूपाबाईकडंच होतं. तिच्या एका वावरात ज्वारी उभी राहिली. बाकी सगळीकडं तण.

दोन घरं वऱ्हाडात सरकी-कापसाच्या कारखान्यात मजुरीला निघून गेली. जाताना ती नाईकाला भेटली नाहीत, असं तांड्यात पूर्वी घडलं नव्हतं. हिरासिंग चार दिवस घराबाहेर पडला नाही. पाचव्या दिवशी त्याचा पुतण्या मोहनसिंग आला. उंबऱ्यापाशीच उभा राहून म्हणाला, "काका, रस्त्यावर तुमी कधी चुकला न्हाई. पण हा रस्ता न्हाई."

जिवनबाई त्याच्यावर डाफरणार होती. हिरासिंगानं तिला हातानं थांबवलं. त्या संध्याकाळी त्यानं लिंबाखाली सगळ्यांना बसवलं.

"चूक माझी झाली," तो म्हणाला. "ग्यानबानं सांगितलं व्हतं. रूपाबाईनं ऐकलं, मी न्हाई ऐकलं. तुमाला दुसरा नाईक करायचा असंल तर करा. मी राग धरणार न्हाई."

मागून एक म्हातारी म्हणाली, "नाईक नंतर बघू. खायचं काय ते सांग."

खायचं काय, हाच प्रश्न होता. ओढ्याकाठच्या काळ्या पट्टीत रब्बीची शाळू ज्वारी येईल, असं ग्यानबा सांगत होता, पण बियाणं कुठून आणायचं? पुसेगावच्या लोकांनीही दोनदा पेरलं होतं आणि त्यांच्या कणग्या रिकाम्या होत्या. हिरासिंगाला मात्र बियाणं कुठं असेल ते ठाऊक होतं. पैनगंगेपलीकडं, वऱ्हाडात, एक पाटील त्याला वीस वर्षांपासून ओळखत होता आणि त्याच्या गावची शाळू नामांकित होती. नदी भरून वाहत होती. पण उतार कुठं पडतो, कुठल्या दगडाला पाणी लागलं की थांबायचं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

चाळीस बैल आणि बारा माणसं घेऊन तो निघाला. नदीकाठी दोन दिवस बसून राहिला. लोक घाईला आले. "दगड दिसू द्या," एवढंच तो म्हणत राहिला. तिसऱ्या दिवशी दगड दिसला आणि सगळे बैल पोटापर्यंतच्या पाण्यातून पार झाले.

पाटलानं शाळू द्यायचं कबूल केलं. बदल्यात त्याला बैल हवे होते. हिरासिंगानं वीस बैल सोडले. पाटलाची नजर सगळ्यांच्या पुढं चालणाऱ्या सोन्यावर होती, मोरपिसांचा तुरा लावलेल्या पांढऱ्या बैलावर.

"हा दिला तर गावासाठी बियाणं वरून देतो. तुमच्या पुसेगावच्यांना बी पुरंल."

हिरासिंग बैलाजवळ गेला. त्याच्या वशिंडावर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला. मग तुरा सोडला, गळ्यातली घंटा सोडली आणि दावं पाटलाच्या हाती दिलं.

"घंटा काहून काढली?" पाटलानं विचारलं.

"घंटा तांड्याची हाय. बैल तुमचा."

येताना पुढं चालायला त्याला सवयीचा बैल नव्हता. तो स्वतः पुढं चालला. मागं फक्त एकोणीस बैल होते, पण गोण्या भरलेल्या होत्या. आपल्या बापाचा धंदा आपण त्या पाटलाच्या अंगणात संपवून आलो, हे त्याला नदी ओलांडताना उमगलं. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. सगळं लक्ष पाण्याकडं द्यावं लागत होतं.

अर्धं बियाणं त्यानं पुसेगावात उतरवलं. उरलेलं तांड्यात वाटलं. सगळे जमलेलेच होते, त्यांच्यासमोर तो रूपाबाईकडं वळला.

"वैनी, कधी पेरायचं?"

रूपाबाईनं डोक्यावरची ओढणी पुढं ओढली. असं चारचौघांत तिला कुणी कधी विचारलं नव्हतं.

"मला काय विचारून राहिला, नाईक?"

"तुमाला कळतं म्हनून."

ती उठली, ओढ्याकाठच्या वावरात जाऊन आली. हाताला मनगटापर्यंत माती होती. "खालच्या पट्टीत परवा," ती म्हणाली. "मोहनच्या तुकड्यात आणखी चार दिस थांबा. तिथं चिखल हाय."

"ऐकलं का सगळ्यांनी?" हिरासिंग म्हणाला आणि खाली बसला.

परवाच्या दिवशी त्यानं पेरणीची तिफण धरली. जिवनबाई मागून चालत चाड्यावर मूठ धरून बी सोडत होती. बांधावरून ग्यानबा बघत होता. तासं, पेरणीच्या रेघा, वाकडी पडली होती, ओढा वळतो तशी.

"सरळ न्हाई आली," हिरासिंग म्हणाला.

"बी ओलीत पडलं म्हंजे झालं," ग्यानबा म्हणाला.

त्या वर्षी शाळू फार नाही, पण जेठापर्यंत पुरेल इतकी झाली. वऱ्हाडात गेलेल्या दोन घरांपैकी एक परत आलं. नाईक बदलायचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. लग्नं, भांडणं, तहसिलीची कामं, आजाऱ्याला हिंगोलीच्या दवाखान्यात नेणं, हे सगळं हिरासिंगाकडंच राहिलं. पेरणीचा शब्द मात्र रूपाबाईचा. नव्यानं आलेल्या सोयऱ्यांना ते विचित्र वाटे, तांड्याला नाही.

हिरासिंग चांगला शेतकरी कधीच झाला नाही. सगळ्या तांड्यात त्याचंच वावर उशिरा निंदून होई. निझामाचं राज्य गेलं त्या साली तो अठ्ठावन्न वर्षांचा होता. तेव्हाही शाळूच्या पेरणीच्या दिवसांत तो सकाळी रूपाबाईच्या दारात जाऊन बसे आणि ती वावरातून हात धुऊन येईपर्यंत थांबून राही.

"आज न्हाई, नाईक," ती सांगे.

"बरं," म्हणून तो उठे आणि बैलांना पाण्यावर नेई.