काढून घेतलेला स्क्रू

चेस्टर व्होयचिक मिलवॉकीत पियानोचे सूर जुळवून द्यायचा. एकतीस वर्षं हाच धंदा. त्याची बायको हेलेन म्हणायची, "माझ्यापेक्षा त्या तारांनाच जास्त जपतोस तू." ते काही खोटं नव्हतं.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये सरोवराकाठच्या कलासंग्रहालयात लोरेन हौगन यांचा कार्यक्रम होता. बाई सत्तरीच्या, बारीक चणीच्या. पियानोच्या तारांमध्ये स्क्रू, रबर, लोकरीचे तुकडे अडकवून त्या वाजवायच्या. मग त्यातून घंटा निघायच्या, ढोल निघायचे. चेस्टरने सकाळी पियानो जुळवून दिला आणि बाई पट्टीने मोजून एकेक वस्तू बसवू लागल्या. त्याला राहवलं नाही.

"तार तुटली तर हो?"

"चाळीस वर्षांत तुटली नाही. जा, जेवून या तुम्ही."

तो परतला तेव्हा बाई कपडे बदलायला गेल्या होत्या. मधल्या सप्तकातला एक जाड स्क्रू तारांना फारच ताणत होता. चेस्टरने इकडेतिकडे पाहिलं, स्क्रू अलगद काढला आणि खिशात टाकला. एकाने काय बिघडणार आहे!

कार्यक्रमात घंटा वाजल्या, ठोके पडले आणि मध्येच एक स्वच्छ, मोकळा सूर निघाला. बाईंचा हात हवेतच थबकला. मग तो सूर पुन्हा आला, पुन्हा आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंचा चेहरा मात्र उतरला होता.

"एक स्क्रू बसवायचाच राहिला," त्या नंतर हळूच म्हणाल्या. "वहीत खूण केलेली आहे, तरी विसरले. माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं."

"होतं असं कधीकधी," चेस्टर म्हणाला. खिशातला स्क्रू मात्र त्याने बाहेर काढला नाही.

नोव्हेंबरमध्ये संग्रहालयातून कळलं, लोरेनबाईंनी वाजवणं सोडलं. त्या शुक्रवारी ताटातला मासा चेस्टरला गिळवेना. हेलेनने खोदून विचारल्यावर त्याने सगळं सांगितलं.

"आणि इथे बसून काय करतोयस?" ती म्हणाली. "ऊठ, जा."

दुसऱ्या दिवशी तो जवळच्या रसीन गावी बाईंच्या घरी गेला. त्याला बघून त्या खुलल्या, कॉफी पुढे ठेवली. त्याने खाली मान घालून सांगून टाकलं. बाईंनी आपला कप बाजूला सारला.

"स्क्रू काढलात, ते सोडा," त्या म्हणाल्या. "मी डॉक्टरांकडे गेले. स्मरणशक्ती तपासायला कागदावर घड्याळ काढायला लावलं त्यांनी मला. पियानो भाचीला देऊन टाकला. आठ महिने मी रोज सकाळी आठवड्याचे वार म्हणून बघतेय, एखादा निसटतोय का. आणि तुम्हाला ठाऊक होतं!"

"चुकलं माझं, मॅडम."

"हो. चुकलंच."

"पियानो मी परत आणून देतो. स्वतः जाऊन."

"आणा," त्या म्हणाल्या. "जुळवायला मात्र मी दुसऱ्याला बोलावीन. आता कॉफी संपवा आणि निघा."

त्याने कॉफी संपवली. पुढच्याच आठवड्यात दोन हमाल घेऊन तो शिबॉयगनला भाचीकडे गेला आणि पियानो घेऊन आला. हमाल आत गेले; तो पायरीवरच उभा राहिला.

वसंतात लोरेनबाई पुन्हा वाजवू लागल्या. हेलेन ऐकायला गेली. चेस्टर गेला नाही.