भूगोल सरांचं कोची

आमचे भूगोल सर खडू न उचलता फळ्यावर भारताचा अख्खा नकाशा काढायचे. कच्छपासून निघायचे, किनाऱ्याने खाली कन्याकुमारी, मग वर बंगाल, हिमालय चढून परत कच्छ. कोचीपाशी मात्र खडू जागीच दाबून एक ठिपका करायचे. उज्जैनपासून समुद्र कोसो दूर, क्षिप्रेत उन्हाळ्यात गुडघाभर पाणी. पण माधव नगरच्या आमच्या शाळेतल्या पोरांना पोर्तुगीज कुठे उतरले, डच कुठे पुरले आणि ज्यूंची गल्ली कुठली, सगळं तोंडपाठ.

"बंदराच्या गावाला जात विचारायची सोय नसते," सर म्हणायचे. "वाऱ्याने जो आणला तो आपला." आम्ही माना डोलवायचो. परीक्षेत या वाक्याला हमखास मार्क मिळायचे.

त्यांची एकुलती एक वीणा माझ्याच वर्गात. तिला भाऊ नाही, म्हणून राखी मला बांधायची. पुढे बँकेत लागली, बदली झाली ती नेमकी केरळात, आणि तिने फोर्ट कोचीच्या एका ख्रिश्चन मुलाशी लग्न केलं. सर ओरडले नाहीत, रागावले नाहीत. "तिचं ती बघेल," म्हणाले, आणि पंधरा वर्षं घरात तिचं नाव निघालं नाही. तिची आई, आमच्या काकू, आधीच गेलेल्या, मध्ये पडणारं कोणी नाही. मला त्यांचा भयंकर राग यायचा. अजून येतो. जगाला बंदर शिकवलं आणि स्वतःच्या घरी नाकाबंदी!

बोलावल्याशिवाय कुठे जायचं नाही, हा त्यांचा आणखी एक हट्ट. आमच्या उज्जैनात कोण बोलावण्याची वाट बघतो? शेजारच्या सत्यनारायणाला मी ओढायला गेलो, "अहो सर, चला ना, घरचंच तर आहे," तर म्हणाले, "घरचं आहे तर बोलवायला काय जातं त्यांचं?" प्रसाद शेवटी मीच वाटीत नेऊन दिला.

मागच्या वर्षी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ते एकदम म्हणाले, "कोची दाखवतोस का रे? ती मासे पकडायची चिनी जाळी एकदा बघायचीत." जाळी कसली, मला काय कळत नव्हतं? मी गुपचूप वीणाला फोन केला. कोणत्या लॉजमध्ये उतरणार तेही सांगितलं.

"मी होऊन बोलावणार नाही," ती म्हणाली. "लग्नानंतर माहेराहून भाऊ मुराळी होऊन येतो ना लेकीला न्यायला? येऊ दे की कोणी. पंधरा वर्षांत कुणाला सुचलं नाही." मला वाटलं, टोमणा मारतेय. बापाचीच लेक.

तीन दिवस आम्ही नुसते चालत होतो. घामाने शर्ट अंगाला चिकटलेले, माझे गुडघे बोंबलत होते आणि सर पुढे. जाळ्यांपाशी अर्धा तास. डच कबरस्तानाच्या फाटकाशी अर्धा तास. ज्यू गल्लीत मिरीच्या वासाने शिंका देत देत तासभर. एका म्हाताऱ्या कोकणी दुकानदाराशी ते मराठीत बोलले, तो कोकणीत, आणि दोघांचं मस्त जमलं. सकाळी पोह्यांवर शेव नाही म्हणून रुसले. मग आपल्याच पिशवीतून रतलामी शेवेचा पुडा काढला, हातात धरला, आणि न उघडता परत ठेवून दिला. कोणासाठी आणला होता ते मी विचारलं नाही.

वीणाची गल्ली चर्चच्या मागे. पत्ता माझ्या खिशात. रोज आम्ही कोपऱ्यापर्यंत जायचो आणि सर पाय मागे घ्यायचे. "बोलावणं नाही रे."

तिसऱ्या संध्याकाळी माझा संयम सुटला. "सर, आता बस झालं! उठा, दोन मिनिटांवर घर आहे."

ते समुद्राकाठच्या बाकावर बसले होते. "कोणत्या तोंडाने जाऊ?" म्हणाले. "तिने एकदा 'या बाबा' म्हणावं. एकदाच. धावत जाईन." आणि रडायला लागले. वर्गात आम्ही ज्याला चळाचळा कापायचो, तो माणूस रुमाल सापडत नाही म्हणून बाहीने डोळे पुसत होता.

मी एकटाच उठून तिच्या दारात जाऊ शकलो असतो. पण वाटलं, दोघांच्या हट्टात मी कशाला मरू? मी म्हटलं, "ठीक आहे, सर. सकाळची गाडी आहे. सामान बांधू." मी थकलो होतो. दुसरं काही कारण नव्हतं.

या थंडीत सर गेले. फोन केला तशी वीणा निघाली. इंदूरहून बसने आली, म्हणून मी तिला घ्यायला नानाखेड्याच्या बस स्टँडवर गेलो. स्कूटरवर मागे बसली, आम्ही निघालो. मग म्हणाली, "तिन्ही दिवस मी तुमच्या मागे मागे होते. बाबा बाकावर रडत होते ना, तेव्हा मी पन्नास पावलांवर झाडाखाली उभी होते."

मी गचकन ब्रेक दाबला. "मग हाक का नाही मारलीस, बाई?"

"बाबा बोलावणार नाहीत, हे मला माहीतच होतं," ती म्हणाली. "मी तुझी वाट बघत होते."